खलनायकाची अक्कलदाढ

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून माझी कंबर आता वाकलेलीच राहते, तेव्हा हा नमस्कार अगदी खराखुरा समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तुम्ही अजून दोन्ही वेळा दवाखान्यात बसता असं ऐकलं. जपा. इकडे सगळे मजेत आहेत, फक्त मी गेले पंधरा दिवस हादरून गेले आहे.

माझं मालिकांचं वेड तुम्हाला मान्य नाही, हे ठाऊक आहे. पण मी काही डोळे मिटून बघणाऱ्यातली नाही. सिनेमातल्या मारामाऱ्या मला मुळीच पटत नाहीत. जबड्यावर चाळीस ठोसे खाल्लेला माणूस शेवटी बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसतो, हा आपल्या धंद्याचा अपमान आहे. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक गाणं सुरू व्हायच्या आधीच रडतात, तेही नाटकी वाटतं. पण साडेसातची आमची मालिका वेगळी. (त्या घरात चार वर्षांत एकाचीही दाढ दुखलेली नाही, हा एक दोष सोडला तर.) तिच्यातला नायिकेचा तो धाकटा दीर तुम्ही पाहिला नसेल. सासऱ्यांच्या औषधाच्या बाटल्या बदलल्या, कारखाना लाटला, वहिनीला गोदामात कोंडलं, आणि हे सगळं डावी भुवई उचलून. आमच्या सासूबाई त्याला ‘मेला’ याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाहीत.

तर एका मंगळवारी दुपारी, टोपी आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस गाल धरून माझ्या खुर्चीत बसला. चष्मा काढला, मी म्हटलं आ करा, त्याने आ करताना डावी भुवई उचलली, आणि माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. मेला! खुद्द मेला माझ्या खुर्चीत, खालची डावी अक्कलदाढ घेऊन!

मामा, मी शपथेवर सांगते, गप्प बसायचं मी ठरवलं होतं. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि ती चढेपर्यंत सहज म्हणून विचारलं, की वहिनीने तुमचं काय वाईट केलं होतं हो? तो म्हणाला, “आँ.” मग मात्र माझा तोल सुटला. गोदाम झालं, कारखाना झाला, आणि बोलता बोलता माझे हात दाढेला लागले. आमची मदतनीस, जी एरवी नळी धरून डुलक्या काढते, तीही मध्ये पडली आणि सासऱ्यांच्या बाटल्यांचा जाब विचारू लागली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला भरून आलं. वाटलं, चार वर्षांनी का होईना, माणसाला पश्चात्ताप झाला. तेवढ्यात मदतनीस हळूच म्हणाली, “मॅडम, भूल चढलेली दिसत नाही.”

(तुम्ही शिकवलेलं सगळं त्या क्षणी आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.)

मी हात जोडून माफी मागितली, दुसरं इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाल्याची तीनदा खात्री केली आणि तोंडातून ब्र न काढता दाढ काढली. जाताना त्याला बोलता येईना, म्हणून त्याने चिठ्ठीवर लिहिलं : ‘परवा शूटिंग आहे. सूज येईल?’ मी छातीठोकपणे नाही म्हटलं.

सूज आली. मला ती दिसली शनिवारी साडेसातला, घरच्या टीव्हीवर. मालिकेत ती गरीब गाय वहिनी, जिने चार वर्षांत कोणाला अरे म्हटलं नव्हतं, अचानक उठली आणि तिने मेल्याच्या अशी कानशिलात ठेवून दिली की मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. पुढचा सगळा भाग तो सुजलेला गाल घेऊन फिरत होता. मामा, ती माझी सूज होती! सुजेला काहीतरी कारण हवं म्हणून बिचाऱ्यांनी थप्पड लिहिली होती. (बरं झालं दाढ डावी होती, नाहीतर वहिनीला डावरी करावं लागलं असतं.) सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या घरातूनही टाळ्या ऐकू आल्या. आणि पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणून मी तोंड दाबून बसले.

पुढच्या मंगळवारी तो टाके काढायला आला. आता ओरडणार म्हणून मी आधीच मान खाली घातली. तर तो म्हणाला, “डॉक्टर, तुमचे आभार मानायचेत.” त्याची आई चार वर्षं त्याच्याशी धड बोलत नव्हती. लोक तिला रस्त्यात अडवून विचारायचे, असा कसा हो तुमचा मुलगा? शेवटी तिने बाहेर जाणंच सोडलं. त्या शनिवारी तिचा आपणहून फोन आला. एवढंच विचारलं, “फार लागलं का रे?”

मामा, त्याच्या भुवईपलीकडे कोणाची तरी आई बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी टाके काढले आणि त्याच्यामागोमाग दारापर्यंत गेले. दारात तो आनंदाने म्हणाला, की थप्पड लोकांना इतकी आवडली की आता त्याला सुधारायचं ठरलंय.

आणि तो सुधारला हो! गेले तीन भाग तो सासऱ्यांचे पाय चेपतोय, वहिनीला खुर्ची देतोय. बघवत नाही. काल आम्ही साडेसातला टीव्ही बंद केला आणि घरातली सगळी माणसं एकमेकांकडे बघत बसलो. फार अवघड गेलं.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : त्या मालिकेच्या लेखिका तुमच्याकडे कवळीच्या मापाला येतात, असं मामी मागे म्हणाल्या होत्या. पत्र खरं तर त्यासाठीच. मेल्याला पुन्हा बिघडवा, एवढा शब्द टाकाल का? त्याच्या आईला मी स्वतः जाऊन समजावीन.

पुन्हा ता. क. : तुमची ओळख असल्याचं सासूबाईंना कळलं. नायिकेचा नवरा अति गोड आहे, तो मेला तरी चालेल, असं त्या म्हणतात. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलंय, की अपघात नको, आजार द्या, दहाबारा भाग तरी निघतील.