श्रीपादला पिंजौरला उतरवायचंय

स्मिता,

देवाशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. श्रीपाद आज सिमल्याहून निघून रात्रीतच दिल्ली गाठायची म्हणतोय. परवा अतिरेक्यांनी बस अडवून माणसं उतरवून मारली, तरी तुझा नवरा ऐकेना. चंदीगडला थांब म्हणावं, तर इथे सहापासून कर्फ्यू. म्हणून फोनवर थाप मारली, की मी त्याच्या वाटेवरच्या पिंजौरच्या बागेत पाय मुरगळून बसलेय, न्यायला ये. आता झक मारत उतरेल. झाडं, कारंजी, शांत गाव आहे. धर्मशाळेत राहू, सकाळी जाईल तो पुढे. मी चारच्या बसने लंगडायला निघालेय. शेजारच्या कांचनबाई सोबत आहेत, घोर लावून घेऊ नकोस. वरण कुकरमध्ये आहे.

बरं, कांचनबाई तेवढ्या मी रचल्या. त्या तुला जिन्यात भेटतीलच. मी एकटीच जातेय.

– आई