पोहायच्या ड्रेसला खिसा

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. अगदी खराखुरा साष्टांग, कारण मी आत्ता वाळूत पालथी पडून लिहिते आहे. लेक विचारत होती, "आई, खुर्ची आणून देऊ का?" म्हटलं, नको गं बाई, आजवरचा जन्म शिलाई मशीनसमोर खुर्चीतच गेलाय.

तू कशी आहेस? दुकान वेळेवर उघडतेस ना? नीट जेवतेस की चहा-बिस्किटांवर भागवतेस? फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तू "सगळं ठीक आहे, गिऱ्हाईक आलंय, ठेवते" म्हणून ठेवून देतेस. मला माहितीये, गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही आलेलं नसतं. म्हणून हे पत्र. पत्राला असं मध्येच गप्प करता येत नाही.

आणि हो, अक्षर बघून हसू नकोस. एका पानात जेमतेम सात-आठ ओळी बसतायत. इथल्या दुकानात हे एकच जाडजूड पेन मिळालं, करणार काय! पाकीट एवढं फुगलंय की पोस्टमनला वाटेल, बाईंनी झंपराचं कापड धाडलं.

तर ताई, बेट! बोट धक्क्याला लागली तेव्हाच माझी चप्पल पाण्यात पडली, आणि आपल्या जावयाने बुटांसकट उडी मारून ती काढली. लग्नात एवढा मुखदुर्बळ वाटलेला मुलगा, इथे येऊन नुसता उंडारतोय. या दोघांनी महिनाभरासाठी घेतलेलं घर अगदी छोटं आहे. दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्याच्या पायरीपाशी समुद्र. अंथरुणात वाळू, वेणीत वाळू, परवा तर आमटीतसुद्धा कचकच लागली. कोणी काही म्हणत नाही. सगळे वाळूसकट खातात.

मला इथलं सगळ्यात जास्त काय आवडतं म्हणशील, तर माझं रोज बदलतं. पहिल्या दिवशी झोळी. दोन नारळांच्या झाडांना बांधलेली, आत पडायचं आणि हलायचं. आत पडणं सोपं आहे, बाहेर येणं नाही. बॉबिनमध्ये दोरा अडकावा तशी मी त्यात गुरफटले, आणि दोघांनी मला दोन बाजूंनी ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी सायकल. हो, सायकल! बेटाला एकच रस्ता, तो गोल फिरून परत आपल्याच दारात येतो, त्यामुळे चुकायची भीती नाही. उतारावर मी ओरडले, ते घाबरून नव्हे. मग दीपगृह. चढताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण वर गेल्यावर चहूकडे पाणीच पाणी, आणि मी आणि वारा. तेव्हा तुझी इतकी आठवण आली की मी मोठ्याने "ताई" अशी हाकच मारली. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई वळून म्हणाल्या, "काय गं?"

त्यांनाही घरी सगळे ताईच म्हणतात म्हणे! आमच्या शेजारच्याच घरात उतरल्यात. तुझ्याहून बऱ्याच मोठ्या, केसांचा बॉबकट, आणि दिवसभर पाण्यात. मी त्यांना बॉबकट आजी म्हणते. त्यांच्याबद्दल पुढे सांगेन.

आता तुझा ड्रेस. बॅगेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून चोरून ठेवलास ना? मी पुडी उघडली आणि लेक जमिनीवर बसून हसायला लागली. पोहायचा ड्रेस! आणि त्याला कॉलर! कोपरापर्यंत बाह्या, कमरेला टक्स, पाठीला बटणं, आत अस्तर, आणि पुढेमागे अंग भरलं तर उसवता यावं म्हणून शिवणीत सोडलेलं कापड. आणि खिसा. ताई, पोहायच्या ड्रेसला खिसा कशाला गं? तुला कापडाला खिसा लावल्याशिवाय चैन पडत नाही हे मला ठाऊक आहे, पण समुद्रात मी काय सुटे पैसे घेऊन जाणार आहे?

तरी मी तोच घातला. दुकानातला तो चिंधीएवढा तयार ड्रेस लेकीने पुढे केला होता, मी म्हटलं, आमच्या ताईने शिवलंय, मी हेच घालणार. पाण्यात शिरले आणि काय सांगू! अस्तर आणि कापड यांच्यामध्ये हवा भरली. मी फुगले आणि चक्क तरंगायला लागले! मला पोहता येत नाही, पण बुडताही येईना. बॉबकट आजी हसून हसून पाणी प्यायल्या. बाहेर आले तर खिशात वळवळ. हात घातला तर नखाएवढा खेकडा! जावई, जो चपलेसाठी समुद्रात उडी मारतो, तो ओट्यावर चढून उभा राहिला. आता रोज पाण्यातून आल्यावर सगळे विचारतात, आज खिशात काय निघालं?

ड्रेस आता दोरीवर वाळतोय. इथलं ऊन एवढं लख्ख आहे की शिवणीतला टाका न् टाका दिसतो. आपल्या दुकानात एवढा उजेड कधी येतच नाही.

बरं, ते राहू दे. तब्येतीला जप. कटिंग करताना दिवा लावत जा, दिवसासुद्धा.

तुझी,
तरंगणारी धाकटी


१९ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं पत्र काल बोटीने आलं. मी ते चार वेळा वाचलं, कारण दोन ठिकाणी तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्यात. "पत्र वाळूत पालथं पडून लिहिलं तर शिस्त कशी येणार" असं तू मला बोललीस. खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांची शिस्तही बघितली हो मी.

तू लिहितेस, बँकेतल्या बाईंनी निळ्या झग्यावरून तोंड वाकडं केलं, हल्ली लोकांना कशाचं समाधानच नाही. ताई, तो झगा मी येताना तुझ्या टेबलावर अर्धा होता. उरलेला तू शिवलास. मला इथे बसून दिसतंय त्यावर कुठला दोरा गेला असेल ते.

थांब. आधी आनंदाचं सांगते, मग ते.

बॉबकट आजींनी परवा मला त्यांचा पाण्यातला चष्मा दिला. तोंडात एक नळी धरायची, चेहरा पाण्यात घालायचा आणि उताणं नव्हे, पालथं तरंगायचं. म्हणजे तुझा ड्रेस आणि माझी सवय, दोन्ही कामाला आले. माझी पाचावर धारण बसली होती. आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "डोळे उघड गं, मिटून काय बघणार?"

उघडले. अगं ताई!

खाली बाग आहे. दगडांची म्हणावी तर हलते आणि झाडांची म्हणावी तर टणक. आणि मासे! एक पिवळा, त्याला काळ्या पट्ट्या, अगदी सरळ, तू खडूने आखल्यासारख्या. एक पोपटी, ओठ गुलाबी. लिपस्टिक लावून निघालेली बाईच जणू. आणि निळे तर किती! आकाशी, अस्मानी, मोरपंखी, शाईसारखा निळा, आणि एक असा निळा की त्याला आपल्या दोऱ्यांच्या अख्ख्या कपाटात जोड नाही. तो मासा माझ्या खिशात डोकावून गेला. मी नळी तोंडात धरूनच रडायला लागले. चष्म्यात पाणी भरलं, ते समुद्राचं नव्हतं.

बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझ्या ताईला हे दिसणार नाही.

त्या म्हणाल्या, "येत नाही का ती?" मी म्हटलं, "येईल हो. पण दिसणार नाही."

लिहिलं बाई शेवटी. आता पुढचं लिहितेच.

ताई, हे पेन जाड आहे ते इथे दुसरं मिळत नाही म्हणून नव्हे. दुकानात पेनांचा ढीग आहे. मी मुद्दाम हे शोधून घेतलं, तुला माझं पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून. तू "जरा उठलीच आहेस तर एवढी सुई ओवून दे" म्हणतेस, मी मुकाट्याने ओवते. तू खडू दाबून दाबून रेघ ओढतेस. गिऱ्हाईक दारात आलं की आवाज ऐकेपर्यंत त्याचं नाव घेत नाहीस. मी सगळं बघते आणि कपाट आवरायचं सोंग करते. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलत नाही आणि मला कळेल म्हणून तू बोलत नाहीस. दोघी बहिणी एका खोलीत लपंडाव खेळतोय.

तुझ्या ड्रेसची डावी शिवण काळ्या दोऱ्याची आहे. मध्येच रीळ संपलं असेल. उजवी शिवण जांभळी आहे. साधी नाही, वांग्यासारखी जांभळी! या उन्हात मी ती पहिल्यांदा पाहिली आणि पुन्हा पुन्हा उलटून बघितली. दोऱ्याच्या रंगावरून आपल्या बाबांशी भांडणारी माझी ताई, तिने हे शिवलं?

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन फसलं ते मी विसरलेले नाही. दवाखान्यातून आले आणि त्यांनी कात्री तुझ्या हातात दिली, ती कायमची. तेव्हापासून तू म्हणतेस, माझ्या डोळ्याला कोणी हात लावायचा नाही. तुला वाटतं तुझीही कात्री जाईल. पण बॉबकट आजींचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे. दोन्हीची ऑपरेशनं झालीत. त्या म्हणाल्या, "पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा फरशीवरचे डाग दिसले, मग नवऱ्याचा चेहरा. दोन्ही पुसायला झाले होते." आणि आता बघ, त्या मला मासे दाखवतायत.

मी डॉक्टर नाही. मला चुकीचंही वाटत असेल. म्हणून या पानाच्या खाली दोन दोरे चिकटवलेत. दोन्ही तुझ्याच ड्रेसमधून उसवले. खिडकीत उजेडाला धरून बघ. दोन वेगळे रंग दिसले तर मी खोटी, आल्यावर मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण दोन्ही काळे दिसले तर ताई, माझ्यासाठी, एकदा डोळे दाखवून ये.

मला हे सगळं एकटीने बघायचं नाहीये गं. मी रंग सांगायला बसले तर दोन वाक्यांत संपतात, आणि ते तिथे खाली संपतच नाहीत.

रागावलीस तरी चालेल. पण उत्तर दे.

तुझी सुई आजवर ओवणारी आणि पुढेही ओवायला तयार असलेली,
धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

मीही जाड पेन आणलंय. तुला एकटीलाच अक्कल आहे असं समजू नकोस.

पत्र मिळालं तेव्हा असा राग आला की तू समोर असतीस तर टेपने मारलं असतं. दोन दिवस पाकीट मशीनखाली टाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दोरे खिडकीत धरले. मग दारात धरले. मग सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि वर उन्हात धरले. रिक्षावाला ओरडला. त्याला म्हटलं, थांब जरा, काम चाललंय. दोन्ही काळे.

समोरच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, एक काळा, एक जांभळा. न्हाव्याला दोऱ्यातलं काय कळतं म्हणून फुलवालीला विचारलं. ती म्हणाली, "अहो ताई, एक जांभळाच आहे, त्यात विचारायचं काय?" मग किराणावाल्याला विचारलं. मग आणखी कोणाला विचारायचं राहिलं नाही. दुकान बंद करून आत आले आणि पोटभर रडले. मग चहा केला. बिस्किटं नव्हे, पोळी-भाजी खाल्ली, तेव्हा त्यावरून बोलू नकोस.

दवाखान्यात गेले. एकटी गेले. मोतीबिंदूच आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणजे कालची पोर, पण हात स्थिर आहे, मी बघून घेतलं. तिला बाबांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, घाई केली नाही. म्हणाली, तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आणि तुमच्या डोळ्यांचा पडदा चांगला आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. रात्री अजून दचकून उठते. पण तारीख घेतली आहे. तुझी बोट येते त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी एकटी त्या टेबलावर झोपणार नाही. तू दाराबाहेर बसून मोठ्याने बडबड करायची, मला आत ऐकू आलं पाहिजे. काय बोलायचं ते तुला सांगावं लागत नाही.

बँकेतल्या बाईंना बोलावून झगा परत घेतला. त्या चांगल्या आहेत गं. मीच उगीच.

आणि एक. तू कपाट आवरायचं सोंग करतेस ना, तसंच मीही झोपेचं सोंग करते. माझ्या शिवणी तू सकाळी माझ्याआधी उठून उसवतेस आणि पुन्हा टीप मारतेस, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. माझ्या डोळ्यांना झालंय, कानांना नाही. तुझ्या मशीनचा आवाज मी ओळखते. पांघरुणात पडून ऐकत असते आणि मला वाटतं, एवढं करणारी माणसं किती जणींच्या घरात असतात?

माझ्यासाठी पोहायच्या ड्रेसचं कापड आणून ठेवलंय. दुकानदार म्हणाला, निळं आहे. पट्टी निघाली की बघेन, आणि खोटं निघालं तर त्याची खैर नाही. खिसे दोन लावणार, तू हस खुशाल. तुझ्या त्या आजींना सांग, पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारचं घर माझ्यासाठी धरून ठेवा.

कापड तसंच घडीत आहे. हात लावू नकोस. डोळा उघडला की मीच कापणार. तू फक्त सुई ओवून दे. दोरा कुठला घ्यायचा ते मी सांगेन.

ताई