थ्री-फिफ्टीची मागची सीट

११ मार्च १९९०

घेतली! राजदूत थ्री-फिफ्टी, पंच्याऐंशीचं मॉडेल. जळगावच्या एका सराफाच्या मुलाने वापरून विकायला काढलेली. जळगावहून धुळ्यापर्यंत एकट्याने चालवत आणली. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि काटा शंभरवर नेला — तोंडावर हसू! देवपुरात शिरलो तर दोन सायलेन्सरच्या आवाजाने लोक वळून बघायला लागले.

आबा ओट्यावर बसलेले. गाडीभोवती एक चक्कर मारली. “हाई भंगार कसाले लयना रे?” म्हणाले आणि आत गेले.

कशाला आणली ते त्यांना कसं सांगू?

१२ मार्च

इथे तरी लिहितो. अक्कासाठी आणली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, भाऊ मुराळी होऊन त्यांना आणायला जातो. आमच्या अक्काकडे तीन वर्षांत कोणी गेलं नाही. तिने जातीबाहेर रजिस्टर लग्न केलं, दोंडाईच्याला संसार मांडला. आबा म्हणाले, या घरात तिचं नाव निघायचं नाही. नाही निघालं. मीही शहाण्यासारखा गप्प. आई गेल्यावर माझा शाळेचा डबा तिने केला — आणि मी एकदा जाऊन तिला बघून आलो नाही! लाज वाटते.

अशीच एक गाडी कॉलेज रोडने गेली होती तेव्हा ती म्हणालेली, नोकरी लागली की घे, पहिल्यांदा मला बसव. आता मागची सीट तिचीच. यंदा आखाजीला जाणार. आबा काही म्हणोत.

२५ मार्च

गाडी घेताना एक बघितलंच नाही — साडी-गार्ड नाही! त्या सराफपुत्राने रेसची ऐट म्हणून काढून फेकलेलं. अक्का एका बाजूला पाय सोडून बसणार, पदर चाकात जायचा.

आधार मिस्त्रीकडे गेलो. तो हसतच सुटला. म्हणाला, पोरं काढायला येतात, बसवायला येणारा तूच पहिला. लग्न ठरलं का म्हणून चिडवत होता. मी हो म्हणून टाकलं.

२ एप्रिल

भाकरी करपली. अक्काची फार आठवण येते.

१५ एप्रिल

बसलं एकदाचं! दुसऱ्याच गाडीचं, वेल्डिंग करून, जरा वाकडं. आधारच्या बायकोला, मंदाबाईंना, बसवून पांझरेच्या पुलापर्यंत चक्कर मारली. पदर शाबूत. उतरल्यावर म्हणाल्या, नवरीला इतकं पळवू नका, भाऊ.

२७ एप्रिल, आखाजी

आबांना सांगितलं, मित्राकडे शिरपूरला जातो. आणि निघालो दोंडाईच्याला. हँडलला पिशवी, पिशवीत साडी-चोळी. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. अक्का चिडेल, रडेल, मग चहा टाकेल.

दाराला कुलूप.

शेजारच्या भागाबाई बाहेर आल्या. “भाऊ, त्या ते सुरतले ऱ्हातस आते.” दिवाळीतच गेले म्हणाल्या. पावण्यांना, अक्काच्या नवऱ्याला, तिकडच्या मिलमध्ये काम लागलं. पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तुम्ही कोण, विचारलं. भाऊ म्हणायला तोंड वर होईना. ओळखीचा, म्हणालो.

सुरत एवढं मोठं. कुठे शोधू तिला? साडी तशीच परत आणली. येताना चाळिशीच्या वर गाडी नेलीच नाही. नरडाण्याजवळ थांबून रडलो. अडीच वर्षं साठ किलोमीटरवर होती, तेव्हा जायला काय झालं होतं मला!

घरी आल्यावर आबांनी जेवलास का विचारलं. हो म्हणालो. दोंडाईचा, सुरत — तोंडातून शब्द काढला नाही.

२८ एप्रिल

सकाळी गाडी पुसत होतो. आबा जवळ येऊन उभे राहिले. बंडीच्या खिशातून एक जुनं, घडी पडून पडून फाटायला आलेलं अंतर्देशीय काढून माझ्या हातात दिलं. अक्काचं अक्षर. मागे सुरतचा पत्ता.

“सुरतलोंग जाई का रे तुनी गाडी?”