अढीतला ड्राइव्ह

१ मे २००१, मंगळवार
शेजारचे मुसाभाई मस्कतहून रजेवर आले. आमच्या वैदेहीने त्यांच्याबरोबर सीडी पाठवली आहे. नातवाचं बारसं. आम्हांला तिकडे जाता आलं नव्हतं. मालिनी पदराला हात पुसत कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. सीडी घातली. ड्राइव्ह घुरघुरला, मग गप्प. चित्र नाही. ट्रेही बाहेर येईना.
मालिनी म्हणाली, अरशदला बोलवा. अरशद म्हणजे मुसाभाईंचा पुतण्या. कॉम्प्युटर क्लास चालवतो. मी म्हटलं, बागेतला पंप तीस वर्षं मी उघडतो आहे. ती म्हणाली, म्हणून तर म्हणते.
रविवारी नातू दाखवणार. शब्द दिला.

२ मे, सकाळी ९
ड्राइव्ह कॅबिनेटमधून काढला. उलटा केला. चार स्क्रू. आत हिरवी पट्टी. सीडी दिसत नाही. फार खोल गेली असावी.
निदान: कोरडा पडला आहे. पुढच्या फटीतून खोबरेल सोडलं. दोनच चमचे.

३ मे
मुंग्या.
रांग फटीतून आत जाते, फटीतून बाहेर येते. मालिनी बघत उभी राहिली. म्हणाली, यांना तरी बारशाला जायला मिळालं.
टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नाही, असा निश्चय.

४ मे
ड्राइव्ह झटकला, पुसला. स्क्रू तीन लागले. चौथा बहुधा जादा दिलेला असतो. पुन्हा जोडला. आता घुरघुरही नाही. प्रगती आहे, आवाज गेला.
रस्त्यात अरशद भेटला. म्हणाला, काका, येऊ का? दोन मिनिटांचं काम असेल. मी म्हटलं, दोन मिनिटांची कामं टिकत नाहीत.
सुधारित निदान: दमटपणा. समुद्र जवळ.

५ मे, सकाळ
उन्हात ठेवला तर प्लास्टिक वाकेल. बराच विचार केला. उत्तर घरातच होतं. आंब्याची अढी. पेंढ्याची ऊब बेताची, सगळीकडून सारखी. कच्चा हापूस तिथे आठ दिवसांत सुधारतो. हा तर तयार माल.
ड्राइव्ह वर्तमानपत्रात गुंडाळून आंब्यांखाली पुरला. कोणाला सांगितलं नाही. आधी रिझल्ट, मग बोलणं.

६ मे, रविवार
अढी उपसली. आंबे नाहीत. ड्राइव्ह नाही.
काल दुपारी मी झोपलो असताना आमच्या बागेतल्या धाकूने पेट्या भरल्या. त्याला विचारलं. म्हणाला, कागदात होता, जड होता. मला वाटलं, तुम्हीच पाहुण्यांसाठी निवडून ठेवलाय. घातला.
कुठल्या पेटीत? पुण्याच्या. मालिनीचा भाऊ हरिश्चंद्र पुण्यात असतो, त्याला दरवर्षी एक पेटी जाते. टेम्पो कालच सुटला.
मालिनीला सांगितलं, ड्राइव्ह सर्व्हिसिंगला पुण्याला पाठवला.
तसं वाईट झालं नाही. घाटात हादरे बसतील. अडकलेलं सुटेल.

८ मे
हरिश्चंद्रचा फोन. मालिनीने घेतला. ड्राइव्ह पेटीच्या तळाला सापडला. पुढच्या बाजूला बारीक भोक असतं म्हणे. त्याने त्यात टाचणी घातली, ट्रे बाहेर आला. सीडी पुसून स्वतःच्या कॉम्प्युटरवर लावली. सगळी बिल्डिंग आंबे खात बारसं बघून गेली.
सुरुवातीलाच वैदेही बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे. म्हणते, बाबा, ही लागली नाही तर प्लीज काही उघडू नका.
बिल्डिंग इथे हसली, असंही हरिश्चंद्रने सांगितलं.
सांगोवांगीवर विश्वास ठेवणार नाही. मूळ रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय मत नाही.

९ मे, सकाळी ८
मालिनीला पुण्याच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीपाशी उभं राहून विचारलं, मीही येऊ का? ती म्हणाली, तिथे सगळं चालू आहे. तुम्ही येऊन काय करणार?
घरी आलो. पंखा कुरकुरतो आहे. त्याच्याखाली स्टूल आणून ठेवलं.
त्यावर बसलो.