बाबांची साखर आणि माझा काढा

बुधवार, ८ ऑक्टोबर

आधी दुरुस्ती. परवा चंद्रोत्सवाच्या रात्री मी लिहिलं की बाबांची जीभ लालभडक आहे, म्हणजे पोटात उष्णता साचली आहे. चूक. जेवणानंतर बाबांनी लाल गराचं ड्रॅगनफ्रूट खाल्लं होतं. आज दात घासून झाल्यावर पाहिली तर जीभ फिकट गुलाबी. चुकीची नोंद तशीच ठेवून मला झोप लागत नाही.

औषध मात्र बदललेलं नाही. उष्णता आत असणारच. जिभेपर्यंत यायची राहिली असेल.

बाकी नोंद बरोबर आहे. पायाच्या अंगठ्याची जखम उन्हाळ्यापासून भरत नाही. वहिनी हॉस्पिटलात नर्स. ती सणाला साखर मोजायचं मीटर घेऊन आली. (लोक फळं आणतात.) सकाळीच बाबांचं बोट टोचलं. साखर उपाशीपोटी, मिलिमोलच्या मापात, नऊ पूर्णांक आठ, सातच्या आत हवी म्हणे. बाबांच्या हातातला चंद्राचा केक काढून घेत म्हणाली, "बाबा, केक हवाय की अंगठा?" दादा हसला. तिच्या प्रत्येक बोलण्यावर हसायचं असा त्याने लग्नात करार केला असावा.

आमच्या चिनी ग्रंथांत हा रोग दोन हजार वर्षांपासून आहे: झिजवणारी तहान. आधी फुप्फुसात कोरड, मग पोटात आग, शेवटी मूत्रपिंडाची झीज. वहिनीच्या शास्त्रात एकच पायरी. टोच.

घरचा नियम असा की वैद्याने स्वतःला औषध द्यायचं नाही, शिष्याने द्यायचं. शिष्य मीच, सहा वर्षांची असल्यापासून. ठरलं असं: नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझा काढा. साखर उतरली तर प्रांताच्या वैद्य-परीक्षेच्या अर्जात बाबांना माझा बरा केलेला रुग्ण म्हणून दाखवायचं. कॉलेज न करता घरात शिकलेल्यांना तो एकच दरवाजा. परीक्षा पास झाले की दवाखान्यात बाबांशेजारची खुर्ची माझी. नाही उतरली तर वहिनी त्यांना हॉस्पिटलात नेणार.

शनिवार, ११ ऑक्टोबर

नाडी पाहिली. आमच्याकडे शिष्य आधी पाहतो, मग त्याच मनगटावर गुरू पाहतो आणि बरोबर की चूक ते सांगतो. मी म्हणाले, "बारीक आणि वेगवान." बाबांनी आपल्याच मनगटावर आपलीच तीन बोटं ठेवली, डोळे मिटले, खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "बरोबर."

दारातून वहिनी: "वा! प्रश्नपत्रिका आणि तपासनीस एकच."

बाबा तिच्याशी एवढे सौम्य का वागतात, कळत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

अकरा पूर्णांक दोन.

कारणं शोधली. काढा मातीच्या भांड्यात उकळायला हवा होता. मी दवाखान्यात असताना दादाने विजेच्या भांड्यात उकळला. शिवाय मीटर त्याच टेबलावर होतं जिथे वहिनी मध घालून चहा पिते. शिवाय पहाटे थंडी होती. एवढी कारणं असल्यावर काढ्याला दोष देता येत नाही.

तरी मनाला लागलं. रताळ्यासारखा तो औषधी कंद घालून तांदळाची पेज मी बाबांना रोज सकाळी मोठा वाडगाभर देते. पोट थंड राहतं. वहिनी म्हणाली, "पेज नाही गं ती, पातळ साखर आहे." तांदूळ आणि साखर यांतला फरक न कळणारी बाई लोकांना सलाइन लावते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वहिनी गप्प झाली आहे. काल संध्याकाळी ती आणि बाबा नदीकाठी फिरायला गेले. आल्यावर मला म्हणाली, "कर तुझं तू. मी मध्ये पडणार नाही." यंत्र हरलं की यंत्रवाले असेच गप्प होतात.

काढ्यात पिवळं कडू मूळ वाढवलं. बाबांनी चेहरा असा केला की समोरच्या शिंग काकू खिडकीतून ओरडल्या, "जिआओ वैद्य, कोणी मारलं का?"

गुरुवार, २३ ऑक्टोबर

बाबांचं पोट बिघडलंय. दिवसातून तीन-चारदा जातात. शरीरातली ओल बाहेर पडते आहे. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असेल, असेल," आणि पुन्हा गेले.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सहा पूर्णांक नऊ!

पुन्हा टोचायला लावलं. सात. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "बोटं संपतील म्हाताऱ्याची." तिच्या तोंडावर आनंद होता, आणि तो खरा होता. हे लिहून ठेवणं मला भाग आहे. मोठ्या मनाने हरली.

रविवार, २ नोव्हेंबर

जखमेला कोरडी खपली धरली आहे. पोटही ठीक. अर्जाचा मसुदा लिहायला घेतला: रुग्ण पुरुष, वय सदुसष्ट, शिष्येने एकटीने दिलेला काढा, बाकी कोणताही उपचार नाही. "बाकी कोणताही उपचार नाही" हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं. त्यांना एकदम खोकला आला. फुप्फुसात अजून थोडी कोरड आहे. त्यावर वेगळं औषध सुरू करते.

संध्याकाळी शिंग काकू आल्या. पहाटे त्या गल्लीच्या तोंडाशी गाडीवर पिठाच्या लांब कांड्या तळतात, सोबत सोया दूध. सगळी गल्ली त्यांच्या तेलाच्या वासावर उठते. म्हणाल्या, "ए चिंग, बापाला दिलंस ते मला पण दे, माझीही साखर वर असते. हॉस्पिटलच्या गोळ्या गिळून गिळून मी स्वतःच गोळी झालेय." मी नाडी पाहिली. जीभ पाहिली. (आधी काय खाल्लं ते विचारून. मी चुकीतून शिकते.) मग स्पष्ट सांगितलं की गोळ्या चालू राहिल्या तर गुण कशाचा ते कळणार नाही. गोळ्या बंद. अर्जात दुसरा रुग्ण होईल.

त्या म्हणाल्या, "सगळ्या?"

मी म्हणाले, "सगळ्या."

बाबा आत झोपले होते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी तेलाचा वास आला नाही.

मला वाटलं, सुट्टी घेतली असेल. दुपारी जेवताना दादा म्हणाला की शिंग काकू पहाटे गाडीजवळच खाली बसल्या, तोंड सुकलेलं, समोरचं दिसेना, हॉस्पिटलात नेलं, साखर मीटरच्या आकड्यांपलीकडे. थोडक्यात तेलावर पडायच्या वाचल्या.

मी म्हणाले, पहिल्या आठवड्यात रोग उसळतोच.

बाबांनी वाडगा खाली ठेवला. "गोळ्या घेत होती ना ती?"

मी म्हणाले, "बंद केल्या. तुमच्यासारखं शुद्ध औषध."

मी बाबांना आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं. आजही त्यांनी चढवला नाही. घरातल्या सपातांवरच उठले, दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, "चिंग, माझी साखर तुझ्या काढ्याने नाही उतरली. गोळ्यांनी उतरली. तुझी वहिनी आणते. त्या दिवशी आम्ही नदीवर नव्हतो गेलो, हॉस्पिटलात गेलो होतो."

वहिनी ताटाकडे बघत होती. जिंकलेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

विचारलं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाले, "रोज सकाळी मीटरकडे न बघता तू माझ्या तोंडाकडे बघायचीस. कसं सांगणार?"

मग नाडीचं विचारलं. एवढ्या वेळा बरोबर म्हणालात, ते?

"मनगट माझं, बोटं माझी," बाबा म्हणाले. "मला काय कळणार? तू म्हणायचीस ते बरं वाटायचं." आणि सपातांवरच हॉस्पिटलात गेले.

रविवार, ९ नोव्हेंबर

नीट विचार केला. बाबांनी काढाही घेतलाच होता. तेव्हा काढ्याने काहीच झालं नाही, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. गोळ्या थोडे दिवस थांबवल्या तर गुण कोणाचा ते स्वच्छ कळेल, असं वहिनीला म्हणाले.

वहिनीने बाबांच्या गोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

अर्ज फाडला. "बाकी कोणताही उपचार नाही" हे खोटं आहे, आणि मी खोटं लिहीत नाही. परीक्षा पुढच्या वर्षीही असते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शिंग काकू घरी आल्या. दिसायला लागलंय. गाडी अजून बंद. समोरच्याच दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाबांना ओरडून म्हणाल्या, "जिआओ वैद्य, तुमच्या पोरीने मला जवळजवळ पूर्वजांकडे पाठवलं होतं! हिच्या लग्नाला बोलवा, मी येणार नाही!" आणि हसल्या. हसताना खोकल्या. बाबांनी जाऊन त्यांच्या पायावर गोधडी नीट केली.

मी खिडकीच्या आत होते. जायला हवं होतं. पण आजारी माणसाला आल्या आल्या त्रास देऊ नये.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज जाणार होते. पंचांगात आज आजाऱ्याला भेटायला निषिद्ध दिवस. पंचांग बघणाऱ्या लोकांची मला कीव येते. मी फक्त काकूंना अशुभ वाटू नये म्हणून पाहिलं.

काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात रोगाच्या तीन पायऱ्या आल्या. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात उरलं: गोळ्या बंद करायला मी सांगितलं, आणि त्याने काय होईल ते मला माहीत नव्हतं. हे बोलायला गल्ली ओलांडावी लागते. गल्ली अरुंद आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

काकूंकडे पाहुणे.

उद्या त्यांची तपासणी. वहिनी नेणार आहे. तेव्हा उद्या नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. वही इथेच ठेवते आणि गल्ली ओलांडते.