अक्षयाचा अ

सुजय,

मी अक्षयाकडे सरोजिनी नगरला चाललो आहे. तुझा तो चिमुकला लॅपटॉप बरोबर नेतोय, शोधत बसू नकोस. कुकरमध्ये वरण-भात आहे.

काल माझी मेल उघडून तुझ्या बहिणीने तुला फोन केला, "बाबांना सांग, माझ्या आजारावर कोट्या पुरे झाल्या." तूही हसलास, "काय बाबा, तुम्ही पण ना यार!" अरे, ती कोटी नव्हती. स्वस्त आणि हलका म्हणून तू हा लॅपटॉप उचलून आणलास. जागा वाचवायला त्यात उजवीकडची शिफ्ट नखाएवढी केली आहे आणि तिला खेटून वर जाणारा बाण बसवला आहे. मिनिस्ट्रीत छत्तीस वर्षं न बघता टाइप केलेलं माझं बोट शिफ्ट समजून बाणावर पडतं, आणि शिफ्ट दाबून येणारा अ उमटतच नाही. 'चि. अक्षया'ची 'चि. क्षया' झाली, तीही सहा महिने टीबीची औषधं खाऊन उठलेल्या पोरीला.

त्या मेलमध्ये मी जन्मात पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. हिंदूराव हॉस्पिटलात तिला बघायला गेलो नाही, ते मी सांगितलं तसं तिथल्या रिजच्या टेकडीवरच्या माकडांनी चष्मा पळवला म्हणून नव्हे. तुमची आई गेल्यापासून वॉर्डात पाय ठेवायची मला भीती वाटते. पण तिने नावापुढे एक ओळ वाचली नाही.

आता तिच्यासमोर बसून तिचं नाव टाइप करून दाखवणार आहे. धास्ती एवढीच, की तिथे नेमका अ नीट उमटला तर ती मला दार दाखवेल, आणि त्यात तिचं काही चुकणारही नाही.

बाबा