कुंपणापलीकडचा अर्धा

प्रिय धाकट्या,

तुझ्या जमिनीच्या विक्रीचं शेवटी लिहिते, आधी एक गंमत ऐक. रागावू नकोस, पण कपाटात पडलेल्या तुझ्या दोन जुन्या सुती चड्ड्या मी कुरणात पुरल्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले, माती जिवंत असली की सुती कापड खाऊन टाकते, दोन महिन्यांनी उकरून बघा. मला कुठलं राहवतंय! लहानपणी घरातलं घड्याळ खोलून बसणारी मीच ना. एक वाटणीत आलेल्या माझ्या अर्ध्यात पुरली, दुसरी कुंपणापलीकडे तुझ्या अर्ध्यात. शेजारीण तोंडाला पदर लावून बघत होती.

माझ्या अर्ध्याचं कौतुक तू प्रत्येक पत्रात वाचलं आहेस. तारा लावून बारा तुकडे केले, रोज एका तुकड्यात गाई चारल्या आणि मग महिनाभर त्यांना तिकडे फिरकू दिलं नाही. तारांचा खर्च बघून लोकांनी मला वेड्यात काढलं. पण दोन वर्षांत विकतच्या चाऱ्याची एक गाडी दारात आली नाही, दूधही वाढलं. मी काय तोरा मिरवला म्हणून सांगू!

काल दोन्ही उकरल्या. माझ्याकडे नुसतं इलॅस्टिक हाती आलं, त्यावर गांडुळं वळवळत होती. मी एकटीच हसले. तुझ्याकडे कुदळ मारली तर ठणकन वाजली. चड्डी निघाली जशीच्या तशी, धुऊन घालता येईल अशी.

मी दोन्ही समोर ठेवून बसले. माती एक, पाऊस एक, मग असं का? खरं तर उत्तर ठाऊक होतं, स्वतःला विचारायचं तेवढं टाळत होते. माझं गवत महिनाभर विश्रांती घेत होतं, तेव्हा गाई काही हवा खाऊन जगत नव्हत्या. त्या तुझ्याकडे होत्या, भर चिखलातसुद्धा. गवत मुळापर्यंत खाल्लं, खुरांनी जमीन विटेसारखी झाली. चाऱ्याचे वाचलेले पैसे माझ्या हुशारीचे नव्हते रे, तुझ्या मातीचे होते. मला फार लाज वाटते.

लेकीच्या शिक्षणासाठी तुझा अर्धा विकायचाय, येईल ती किंमत घे, असं तू लिहिलंस. गेल्या आठवड्यात दलाल आला, तुझ्या जमिनीवर उभा राहून त्याने माझ्या जमिनीच्या निम्मा भाव सांगितला, आणि मी गप्प बसले. म्हणून हे पत्र. सोबत अदलाबदलीचे कागद आहेत, सही तेवढी कर. माझा अर्धा तू वीक, पूर्ण भावाने. तुझा माझ्याकडे राहू दे. चारा विकत घेईन, पण ती माती पुन्हा जिवंत व्हायला किती वर्षं लागतात, हे मला बघायचंच आहे. कपाटात तुझी अजून एक चड्डी शिल्लक आहे.

तुझीच,
ताई